आधी हिशेब, मग हुरडा

डिसेंबर उतरणीला लागला की सोलापूरच्या चहूबाजूंच्या मळ्यांत हुरड्याचं बुकिंग सुरू होतं. मंगळवेढ्याकडे, मोहोळकडे, बार्शीच्या वाटेवर ज्वारी दुधात आलेली असते. घरची मंडळी येतातच, पण अलीकडे मोठं गिऱ्हाईक म्हणजे कंपन्या. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतले कारखाने, पतसंस्था, गाड्यांच्या शोरूम, पुण्याहून बस करून येणाऱ्या टीम.

हुरडा हा माणसं मोजून करायचा प्रकार आहे. कणसं त्याच दिवशी पहाटे कापावी लागतात. आदल्या दिवशी कापून ठेवली तर दाण्यातलं दूध आटतं, गोडी उतरते. गोवऱ्यांच्या आरात कणीस खुपसायचं, फिरवायचं, काही मिनिटांत बाहेर काढायचं आणि गरम असतानाच चोळायचं. निवलं की दाणा सुटत नाही, हाताला नुसता कोंडा लागतो. म्हणून दोनशे माणसांना एक आगटी चालत नाही. पंचवीस-तीस जणांमागे एक आगटी, तिच्यावर एक भाजणारा आणि एक-दोन चोळणारे, असा हिशेब धरावा लागतो. शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, बोरं, दुपारच्या भाकरी आणि वांगं, सगळं त्या आकड्यावर ठरतं.

हा आकडा कंपनीच्या ॲडमिनकडून येतो. समजा, नोव्हेंबरात २१० सांगितलेले असतात आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फोन येतो, "१६० धरा." मळेवाल्याला कारण माहीत नसतं, असायचं कारणही नाही. पण आगटीभोवती बसणाऱ्या १६० जणांना ते माहीत असतं : कंपनीत नोकरकपात झालेली असते. कालपर्यंत शेजारच्या खुर्चीवर बसणारा माणूस आज का नाही, हे प्रत्येकाच्या मनात असतं आणि कोणीच बोलत नाही. त्या दिवशी हुरडा कितीही कोवळा असला तरी घशाखाली नीट उतरत नाही.

अशा वेळी सोहळाच करू नये, असं माझं म्हणणं नाही. राहिलेल्या माणसांनाही एकत्र बसण्याची गरज असते, आणि वर्षभर राबलेल्या हातांना कौतुकाचा हक्क असतो. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. आधी गेलेल्यांचा हिशेब पुरता व्हावा, मग राहिलेल्यांशी खरं बोलावं, आणि मग सोहळा. हा क्रम उलटला की सोहळ्यावर केलेला खर्च माणसं जोडण्याऐवजी तोडायला लागतो.

सोहळा आणि कपात इतक्या वेळा एकाच महिन्यात का येतात, हे आधी पाहिलं पाहिजे. बहुतेक ठिकाणी यामागे दुष्टपणा नसतो, दोन टेबलांचा एकमेकांशी संबंध नसणं असतं. वार्षिक कार्यक्रमाला मंजुरी सप्टेंबर-ऑक्टोबरात मिळते. हॉलला निम्मी आगाऊ रक्कम जाते. केटररला किमान ताटांची हमी द्यावी लागते, आणि शेवटचा आकडा कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी कळवावा लागतो. त्यानंतर माणसं कमी आली तरी बिल हमीच्या ताटांचंच होतं. टी-शर्टच्या मापांची यादी छापखान्यात जाते, ट्रॉफीवर नावं कोरायला जातात. हे सगळं ॲडमिन आणि एचआरमधली खालची माणसं करत असतात. कपातीची यादी मात्र वरच्या चार-पाच जणांच्या हातात असते : वित्त, कायदा, विभागप्रमुख. ती शेवटच्या दिवसापर्यंत गुप्त ठेवतात. बऱ्याच अमेरिकन कंपन्यांचं आर्थिक वर्ष डिसेंबरला संपतं, त्यामुळे त्यांच्या कपाती नव्या वर्षाच्या तोंडावर पडतात. आपल्याकडे मार्चअखेरचा ताळेबंद ठरवतो. दोन्ही याद्या एकाच बजेटच्या तारखेला बांधलेल्या असतात, म्हणून एकमेकींवर येऊन आदळतात.

आणि गुप्तता टिकतेच असंही नाही. टी-शर्टचा आकडा कमी केला की छापखान्याला कळतं. बसच्या सीट कमी केल्या की ट्रॅव्हल्सवाल्याला कळतं. मग ज्याची नोकरी जाणार त्याच्याआधी गावाला कळलेलं असतं. हे अपमानास्पद आहे. ते टाळायचं तर यादी हातात असलेल्या चार-पाच जणांपैकी एकाने कार्यक्रमाच्या फायलीवर स्वतः नजर ठेवावी, आणि आकडे बदलण्याऐवजी कार्यक्रमाची तारीखच पुढे ढकलायला सांगावं. तारीख पुढे गेल्याने कोणाचं नाव फुटत नाही.

जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांनाही हे जमलेलं नाही. १७ जानेवारी २०२३ च्या रात्री दावोसमध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या वरिष्ठांसह सुमारे पन्नास निमंत्रितांसाठी स्टिंग या गायकाची खासगी मैफल ठेवली होती. दुसऱ्याच दिवशी कंपनीने १०,००० जणांची कपात जाहीर केली. मैफल कधीची ठरलेली असणार, आणि तिचा खर्च इतक्या पगारांपुढे काहीच नसणार. तरीही ती मैफल लोकांच्या लक्षात राहिली. ज्याच्या हातात नारळ पडलेला असतो तो खर्चाची बेरीज करत बसत नाही, तो तारखा बघतो. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे १२,००० च्या आसपास माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. सोलापूरची असंख्य मुलंमुली हिंजवडीत आणि खराडीत नोकरीला आहेत, तेव्हा या बातम्या इथे परक्या राहिलेल्या नाहीत.

तशी कपात सोलापूरला नवी नाहीच. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. एकेक भोंगा बंद झाला आणि घड्याळ नसलेल्या चाळींची वेळच हरवली. त्या घरांत आजही जुना विषय निघाला की गिरणी बंद पडल्याचं दुःख असतंच, पण जास्त बोललं जातं ते अडकलेल्या देण्यांबद्दल. फंड किती आला, ग्रॅच्युइटी कधी आली, कोणाची आलीच नाही, कोणाच्या बायकोने किती हेलपाटे घातले. नोकरी जाणं माणूस कधीतरी नशिबावर टाकून देतो. बुडालेलं देणं तो नशिबावर टाकत नाही, कारण ते त्याच्या घामाचं असतं. आजच्या दिवाळखोरी संहितेत (२०१६, कलम ५३) कंपनी मोडीत निघाली तर कामगारांची शेवटच्या २४ महिन्यांची देणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने धरली जातात. कामगारांच्या वाट्याला काही उरत नाही, हा देशभरातल्या गिरण्यांचा अनुभव गाठीशी असताना अशी तरतूद फार मोलाची आहे.

आपल्या समाजाने अशा वेळेसाठी एक रीत फार पूर्वी बसवलेली आहे. घरात माणूस गेलेला असेल तर पहिल्या सणाला त्या घरी तळण होत नाही. पण घर कायमचं सणाविना ठेवत नाहीत. शेजारी, सोयरे येतात, स्वतःच्या घरचा फराळ आणतात, दुखवटा काढतात, आणि मग ते घर पुन्हा सणाला लागतं. दुःखाला मुदत आहे, आणि ती संपवणारी एक ठरलेली कृती आहे. कंपन्यांकडे दोन्ही नाही. कपातीनंतर किती दिवस थांबायचं हे कुठे लिहिलेलं नसतं, आणि काय झालं की थांबणं संपलं, हेही कोणी ठरवलेलं नसतं. त्यामुळे कोणी आठ दिवसांत डीजे लावतो, तर कोणी दोन वर्षं साधा वर्धापन दिनही करत नाही आणि माणसं आतल्या आत कुढत राहतात.

माझ्या मते मुदत अशी असावी : कपातीतल्या शेवटच्या माणसाचं शेवटचं देणं त्याच्या खात्यात पडेपर्यंत, आणि त्यानंतर राहिलेल्यांच्या हातात एक पूर्ण पगार पडेपर्यंत. ही मुदत मोजता येते. अकाउंट्समधल्या माणसाला विचारलं तर तो तारीख सांगू शकतो. आणि तिच्यामुळे वरच्या साहेबालाही घाई करण्याचं कारण मिळतं, कारण त्याला वर्धापन दिन वेळेवर करायचा असतो.

देणं म्हणजे काय काय, ते नीट मांडतो, कारण गोंधळ इथेच होतो. वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला कपातीआधी किमान एक महिन्याची नोटीस किंवा तिच्या बदल्यात पगार. प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई, आणि सहा महिन्यांवरचा तुकडा असेल तर तेही वर्ष धरायचं. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी : शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. मूळ आणि भत्ता मिळून १८,००० असलेल्या, बारा वर्षं काम केलेल्या माणसाची ग्रॅच्युइटी १,२४,६१५ रुपये होते. भरपाई साधारण १,०८,०००. नोटीस पगार १८,०००. म्हणजे अडीच लाखांच्या थोडं वर, आणि शिल्लक रजेचे पैसे वेगळे. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यावी लागते, उशीर झाला तर व्याजासकट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांतल्या वेतन संहितेनुसार कामावरून कमी केलेल्याचा राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा आहे. औद्योगिक संबंध संहितेत कौशल्य निधी आला आहे : मालकाने कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे १५ दिवसांचा पगार भरायचा, आणि तो कपातीपासून ४५ दिवसांत त्याच्या खात्यात जायचा.

व्यवस्थापक, आणि महिना १८,००० च्या वर पगार असलेले पर्यवेक्षक या संहितेच्या 'कामगार' व्याख्येत बसत नाहीत. त्यांचं देणं नेमणूकपत्रात जे लिहिलं असेल त्यावर. आयटीत म्हणूनच राजीनामा मागतात. "स्वतःहून दिलास तर रेकॉर्ड स्वच्छ राहील," असं सांगून संध्याकाळपर्यंत मेल करून घेतात. ज्याला असं सांगितलं जाईल त्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी : राजीनाम्याने ग्रॅच्युइटी जात नाही, पण कपातीची भरपाई मागायचा रस्ता अवघड होतो. म्हणून किती महिन्यांचे पैसे, कोणत्या तारखेला, विमा कधीपर्यंत, हे लेखी हातात आल्याशिवाय तो मेल पाठवू नये.

विम्याबद्दल फार थोडे लोक बोलतात. कंपनीचा गट आरोग्य विमा साधारणपणे शेवटच्या दिवशीच संपतो. ज्याच्या घरी आईचं डायलिसिस चालू आहे त्याच्यासाठी ही तारीख पगारापेक्षा मोठी असते. त्याच विमा कंपनीत वैयक्तिक पॉलिसीकडे जाता येतं आणि आधीची प्रतीक्षा मुदत (काही आजारांना विमा लागू होण्याआधी थांबायचा काळ) जमेस धरली जाते, पण अर्ज संरक्षण संपण्याआधी करावा लागतो. एचआरने हा कागद नारळासोबतच हातात द्यावा. जमलं तर पॉलिसी वर्ष संपेपर्यंत नावं काढूच नयेत. हप्ता बहुधा वर्षाचा एकदम भरलेला असतो, त्यामुळे नाव ठेवलं तर नव्याने खिशाला चाट बसत नाही. एवढीच सोडावी लागते, ती नाव काढल्यावर परत मिळणारी उरलेल्या मुदतीची रक्कम.

फंडाचंही असंच. नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने पोर्टलवर टाकली नाही तर पैसे काढणं आणि नव्या खात्यात नेणं दोन्ही अडतं. कामगाराला ती स्वतः टाकता येते, पण शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने थांबून. कंपनीच्या क्लार्कचं हे पाच मिनिटांचं काम आहे.

आता दिवाळी. सोलापुरात कंपनीचा खरा सोहळा दिवाळीचाच. यंत्रमागाच्या कारखान्यांत बोनसची बोलणी दसऱ्याच्या आधीपासून तापतात, आणि बोनस हातात पडला की नवी पेठ, टिळक चौक, मधला मारुती भागात पाय ठेवायला जागा राहत नाही. इथे एक गोष्ट वारंवार चुकते. बोनस हा मागच्या आर्थिक वर्षाचा असतो. त्या वर्षात किमान ३० दिवस काम केलेल्या पात्र कामगाराला तो मिळालाच पाहिजे, मग दिवाळीला तो कामावर असो वा नसो. ऑगस्टमध्ये घरी बसवलेला विणकर मार्चपर्यंतच्या पूर्ण वर्षाच्या बोनसला पात्र आहे, आणि एप्रिल ते ऑगस्ट या पाच महिन्यांच्या पुढच्या वर्षीच्या बोनसलाही. बोनससाठी धरायचा पगार महिना १२,००० असेल तर किमान ८.३३ टक्क्यांनी मागच्या वर्षाचे ११,९९५ रुपये आणि पाच महिन्यांचे ४,९९८. आर्थिक वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत, म्हणजे ३० नोव्हेंबरच्या आत, पहिली रक्कम द्यावी लागते.

प्रत्यक्षात काय होतं? बोनसची यादी चालू हजेरीपटावरून काढली जाते. ज्याचं नाव ऑगस्टमध्ये पटावरून निघालं तो यादीत येतच नाही. मुनीमजी काही लबाडी करत नाहीत, ते समोरचा पट बघून रकाने भरतात. आणि गेलेला माणूस संकोचाने येत नाही. नोकरीच गेली, आता बोनस कुठला मागायचा, असं त्याला वाटतं. यावर उपाय सोपा आहे : बोनसची यादी ३१ मार्चच्या पटावरून सुरू करायची, आणि वर्षात मधेच गेलेल्यांची पुरवणी तिला जोडायची. मिठाईचे पुडे सांगतानाही हाच आकडा धरावा. ज्याचा बोनस आहे त्याचा पुडाही आहे.

यंत्रमागावरची आणखी एक अडचण इथेच सांगतो. कित्येक जण पटावर नसतातच. नगावर, मीटरवर मजुरी, ठेकेदारामार्फत, नाहीतर बदलीवर. त्यांना कोणी कपातीचं पत्र देत नाही. ऑर्डर कमी झाली की, "अण्णा, चार दिवस घरी थांबा, सूत आलं की निरोप धाडतो," एवढंच सांगितलं जातं, आणि ते चार दिवस संपत नाहीत. कांड्या भरणाऱ्या, चादरींच्या कडा शिवणाऱ्या बायकांचं तर नावही कुठे नसतं. कपातीनंतरचा सोहळा कसा करावा याचे सगळे नियम पटावरच्या माणसांसाठी लिहिले जातात. ठेकेदाराकडची माणसं मोजली नाहीत तर तो हिशेब अर्धाच राहतो. आदल्या वर्षीची मजुरीची वही उघडून त्यातली नावं घ्यावीत. ती वही प्रत्येक कारखान्यात असते.

खंडेनवमीबद्दल वेगळं बोललं पाहिजे, कारण तो सोहळा पुढे ढकलायचा नसतो. तो हत्यारांचा आणि ती चालवणाऱ्या हातांचा सण आहे, मालकाच्या नफ्यातोट्याशी त्याचं नातं नाही. आदल्या दिवशी साचे, म्हणजे माग, थांबतात. धागे ओवलेल्या वही-फणीत, नक्षी विणणाऱ्या जॅकार्डच्या दोऱ्यांत, ताणा गुंडाळलेल्या बीमच्या कडांना साचलेली सुताची तूस ब्रशने आणि हवेच्या पाइपने काढतात. जिथे वर्षभर तेलपाण्याला वेळ मिळालेला नसतो तिथे तेल पडतं. धोटे पुसून ओळीने ठेवतात. सकाळी साच्याच्या चौकटीला हळदकुंकवाची बोटं, झेंडूची माळ, पुढे लिंबू, दारात कोहळा. पूजा एकेका साच्याची होते, आणि त्यात बंद साचेही येतात. ज्याच्यावर तीन महिने बीम चढलेलं नाही, ज्याची फणी काढून दुसऱ्याला लावलीय, त्यालाही माळ पडते. त्याला वगळायचं कुणाच्या मनातही येत नाही.

मग तो साचा चालवणाऱ्याला त्या दिवशी बोलवायला काय हरकत आहे? माझ्या मते खंडेनवमीला आमंत्रण द्यायची सगळ्यात पहिली यादी त्या वर्षी कमी केलेल्यांची असावी. फोन जॉबरने किंवा मुकादमाने करावा, ऑफिसातल्या माणसाने नाही, कारण रोजचं नातं त्यांचं असतं. "मामा, पूजेला या, तुमच्या साच्याला माळ तुमच्या हातची पडू दे," असं म्हटलं की तो येतो. काही जण येणार नाहीत, रागावलेले असतील, आणि त्यांचा राग खरा आहे. त्यांना पुन्हा फोन करून गळ घालू नये. पण हे बोलावणं देणी चुकती झाल्याशिवाय करू नये. पैसे अडकलेल्या माणसाला पूजेला बोलावलं तर तो नारळाऐवजी हिशेबच मागेल, आणि त्याचं बरोबरच असेल.

राहिलेल्यांशी बोलायचं ते सोहळ्यात नव्हे, त्याच्या आधी. बहुतेक साहेब इथे घसरतात. कपातीबद्दल काही बोललेलं नसतं आणि थेट वर्धापन दिनाच्या व्यासपीठावरून, "आपण सगळे एक कुटुंब आहोत," असं सुरू होतं. समोर बसलेल्यांना ते टोचतं. आधीच्या एखाद्या साध्या दिवशी, कामाच्या वेळेत, जिथे काम चालतं तिथेच उभं राहून पाच गोष्टी सांगाव्यात : किती माणसं कमी झाली, कारण काय होतं, त्यांची देणी कोणत्या तारखेला दिली, अजून कपात होणार आहे का, आणि त्यांचं काम आता कोण करणार. चौथ्या प्रश्नाचं उत्तर देता येत नसेल तर, "मार्चपर्यंत नाही, पुढचं मार्चमध्ये सांगेन," असं तारखेसकट सांगावं. "घाबरू नका" म्हणून धीर येत नाही, तारीख कळली की येतो.

पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तोच टाळला जातो. दोन साचे बघणाऱ्याला तीन बघायला लागले की तुटलेला धागा उशिरा दिसतो, कापडात दोष उतरतो, आणि नगावरची मजुरी कापली जाते. १९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपाच्या मुळाशी विणकराला दोनाऐवजी तीन साचे देण्याचा वाद होता. आज संगणकावरच्या कामातही तेच घडतं : तिघांचं काम दोघांवर येतं, चुका वाढतात, आणि वर्षाअखेरीच्या मूल्यांकनात त्याच चुका मोजल्या जातात. ज्या वर्षी कपात झाली त्या वर्षी अशा वाढीव कामातल्या दोषांची मजुरी कापू नये आणि मूल्यांकनात ते धरू नयेत. राहिलेल्यांचं खरं कौतुक यात आहे. ट्रॉफीने ते काम होत नाही.

ट्रॉफीवरून आठवलं, दीर्घ सेवेच्या सन्मानाचं काय करायचं? पंधरा-वीस वर्षं झालेल्यांची यादी बहुधा जूनमध्येच तयार असते, आणि कपातीत त्यातली एक-दोन नावं असतात. ती नावं गुपचूप गाळली जातात आणि कोरलेली ट्रॉफी कपाटात पडून राहते. असं करू नये. वीस वर्षं झाली असतील तर ती झालेलीच आहेत. त्या माणसाच्या वरिष्ठाने ट्रॉफी आणि ठरलेली रक्कम घेऊन त्याच्या घरी जावं. कुरिअरने पाठवू नये, आणि व्यासपीठावर बोलावून त्याला अवघडूनही टाकू नये. कार्यक्रमात मात्र त्याचं नाव इतरांच्या बरोबरीने वाचलं जावं.

बारीकसारीक गोष्टींनी माणूस जास्त दुखावतो. एचआरचं सॉफ्टवेअर गेलेल्या माणसाच्या 'कामाच्या वाढदिवसा'ची शुभेच्छा सगळ्या टीमला धाडतं, कारण नाव एका यादीतून काढलेलं असतं आणि दुसऱ्या यादीत राहिलेलं असतं. व्हॉट्सॲप ग्रुपवरून त्याला संध्याकाळी काढतात आणि त्याच ग्रुपवर सकाळी सहलीचे फोटो पडतात. वॉचमनच्या यादीतून नाव गेलेलं नसतं किंवा आधीच गेलेलं असतं, आणि गेटवर शोभा होते. ऑफिसच्या पानावर आनंदाचे फोटो टाकताना त्यात मागच्या वर्षीचा फोटो जातो, ज्यात निम्मी माणसं आता नाहीत. हे सगळं टाळायला एक कागद पुरतो : ज्या ज्या यादीत माणसाचं नाव आहे त्या याद्यांची यादी. पट, बस, कँटीन, गेट, विमा, सॉफ्टवेअर, ग्रुप, सत्कार, टी-शर्ट. कपातीच्या दिवशी एका माणसाने ती हातात धरून एकेक खूण करावी. आणि फोटोंसाठी, पहिल्या सोहळ्याचे फोटो बाहेर टाकूच नयेत. ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांच्याकडे ते असले की पुरे.

हॉल आधीच ठरलेला असेल तर? केटररने किराणा भरण्याआधी कळवलं तर बहुतेक जण आगाऊ रक्कम पुढच्या तारखेला धरतात. लग्नसराईत ते अवघड असतं, आणि आपल्याकडे गड्ड्याची, म्हणजे जानेवारीतली सिद्धेश्वराची, यात्रा झाली की लग्नाच्या तिथी पुन्हा सुरू होतात. तसं अडलं तर पैसे बुडू द्यावेत. बुडालेली आगाऊ रक्कम एका संध्याकाळची असते. तेही जमत नसेल तर कार्यक्रम कारखान्याच्या आवारात दुपारच्या जेवणापुरता आणावा. डीजे, नाच, स्पर्धा, निवेदक काढून टाकावेत. बसून, शांतपणे, पोटभर जेवण. माणसं तेवढ्यात एकमेकांशी बोलतात आणि त्या बोलण्याची त्यांना गरज असते. हुरड्याचं तर त्याहून सोपं आहे. ज्वारी जानेवारीअखेरपर्यंत, उशिराच्या पेरणीची फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालते. तीन आठवडे पुढे ढकलायची सोय त्या पिकातच आहे. मळेवाल्याला फक्त वेळेवर सांगावं, कारण त्याने तुमच्यासाठी राखलेला वाफा तोवर कडक होतो आणि त्याला दुसरं गिऱ्हाईक बघावं लागतं.

धंदा पुन्हा सावरला आणि माणसं घ्यायची वेळ आली, की त्या वर्षीचा हिशेब अजून उघडाच असतो. वर्षाच्या आत त्याच कामाला माणूस घ्यायचा असेल तर कमी केलेल्या कामगाराला आधी विचारावं लागतं, ही औद्योगिक संबंध संहितेतलीच अट आहे. वर्षानंतरही तसं करायला कोणी अडवत नाही. मोबाइल नंबर बदलतात, भाड्याची घरं बदलतात, माणूस भिवंडीला किंवा सुरतेला गेलेला असतो. म्हणून शेवटच्या दिवशी प्रत्येकाकडून घरातल्या आणखी एका माणसाचा नंबर आणि गावाकडचा पत्ता लिहून घ्यावा. जागा निघाली की पेपरात जाहिरात देण्याआधी त्या वहीतले फोन करावेत, जो सगळ्यांत शेवटी लागला होता त्याच्यापासून नव्हे, ज्याची सेवा सगळ्यांत जास्त त्याच्यापासून. पत्र स्पीड पोस्टाने गावच्या पत्त्यावरही पाठवावं, आणि उत्तराला किमान दहा दिवस द्यावेत, कारण सुरतेहून रजा काढून यायला तेवढे लागतात.